तसबिरीमागील नावे

हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या बौद्ध वस्तीत जावे. विहारात आणि घराच्या पहिल्या खोलीत दोन तसबिरी हमखास आढळतात. एक तथागत बुद्धांची आणि दुसरी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. त्यांच्या थोड्या खाली घरातील वडीलधाऱ्यांचे फोटो असतात. काही ओळखपत्रावरून मोठे करून घेतलेले, काही लग्नप्रसंगी काढलेले. वरच्या दोन तसबिरी घरातील तान्हे मूलही ओळखते. खालच्या ओळीतील माणसे मात्र घरातील तरुणांनाही सांगता येत नाहीत, असा आमचा गेल्या काही वर्षांचा अनुभव आहे.

पालि वर्गाच्या निमित्ताने वसमत तालुक्यातील एका घरी आमचे जाणे झाले. नातवाने भिंतीवरचा एक जुना समूह-फोटो उतरवून, पुसून आमच्या हाती दिला. विहाराच्या पायाभरणीच्या वेळी काढलेला तो फोटो होता. अकरा पुरुष, दोन स्त्रिया आणि मागे पंचशील ध्वज. ऐंशी ओलांडलेल्या आजीबाईंनी बोट ठेवून पाच जणांची नावे सांगितली. सहाव्यापाशी त्या थांबल्या. आम्ही फोटो उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "म्या गेल्यावर ही नुसती माणसं राहतील, सर," असे त्या सहज म्हणाल्या.

छायाचित्र अर्थ कसा सांगते, समाजाची समजूत कशी घडवते, आणि त्याबाबत विहारांचे व उपासक-उपासिकांचे कर्तव्य काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आजीबाईंच्या त्या वाक्याने आम्हांस हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले.

बालक, ग्रामस्थ आणि सराफ

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी रचलेल्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात सञ्ञा, विञ्ञाण आणि पञ्ञा यांतील भेद एका दृष्टान्ताने समजावला आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांची रास पडलेली आहे. ती एक अजाण बालक पाहते, एक ग्रामस्थ पाहतो आणि स्वतः सराफ पाहतो. बालकाला नाण्यांचे रंग, आकार आणि त्यांवरील नक्षी तेवढी दिसते. ग्रामस्थाला ती नक्षी तर दिसतेच, शिवाय हे धन आहे आणि त्याने व्यवहार होतो, हेही कळते. सराफ नाणे हाती घेतो, वाजवून ऐकतो, तोलतो. आणि हे खरे, हे खोटे, हे अमुक नगरात अमुक कारागिराने पाडलेले, असा निर्णय देतो. बालकाचे पाहणे ही सञ्ञा, ग्रामस्थाचे पाहणे हे विञ्ञाण आणि सराफाचे पाहणे ही पञ्ञा होय.

सञ्ञेविषयी आचार्य आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतात. सुतार लाकडावर खूण करून ठेवतो आणि पुढे त्या खुणेवरून ते लाकूड ओळखतो. तसे सञ्ञेचे कार्य आहे. परंतु ही ओळख चुकूही शकते. शेतातील बुजगावणे पाहून हरिणाच्या पाडसाला तो माणूसच वाटतो. ज्वारीच्या रानात वाढलेल्या आपल्या वाचकांना हा दृष्टान्त अधिक फोडून सांगावयास नको. डोळ्यांनी काही खोटे दाखविले असे नाही. काठी होती, तिच्यावर सदरा होता. त्यावरून माणूस ठरविला तो पाडसाच्या मनाने.

छायाचित्राचेही असेच आहे. कॅमेऱ्यासमोर जे होते, त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश काचेवर अथवा फिल्मवर उमटला, एवढेच छायाचित्र स्वतः सांगते. ते केव्हाचे, कोठले, त्यातील माणूस कोण, चौकटीबाहेर काय राहिले, यांपैकी काहीही ते आपण होऊन सांगत नाही. ते सांगते खालची ओळ, अथवा दाखविणारा मनुष्य, अथवा आपली आधीची समजूत. छायाचित्र पाहताना आपण बहुधा ग्रामस्थ असतो. हे मोलाचे आहे, एवढे आपल्याला कळते. पण सराफाचे प्रश्न आपण विचारीत नाही.

नाव नसलेली माणसे

युरोपात १८३९ साली छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. या संस्थेशी संबंधित असलेल्या विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ साली मुंबईतील निरनिराळ्या जाती-जमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रे जोडकामाची आहेत. माणसे एका ठिकाणी बसवून टिपली आणि त्यांच्यामागे देऊळ, रस्ता अथवा झाडी ही निराळ्याच छायाचित्रातून आणून बसविली. म्हणजे छायाचित्र खोटे बोलू शकते ही गोष्ट संगणकाच्या युगातील नव्हे. ती आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे.

पुढे १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांच्या संपादनाखाली भारतातील लोकांविषयीचे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. बहुतेकांखाली व्यक्तीच्या नावाऐवजी जातीचे अथवा जमातीचे नाव दिसते, आणि अनेक ठिकाणी त्या जातीच्या स्वभावाविषयी एखादा ठाम शेरा. मनुष्य समोर बसला आहे, त्याचे डोळे आपल्याकडे पाहत आहेत, आणि तरी तो 'कोणी एक' नाही. तो केवळ नमुना आहे. ज्या माणसाविषयी लिहिले, त्याला ते वाचता येत नव्हते. ज्यांनी वाचले, त्यांना छायाचित्र हा पुरावा वाटला. प्रत्यक्षात छायाचित्राने चेहऱ्याचाच काय तो पुरावा दिला होता. शेरा संपादकांचा होता.

आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे त्या काळचे थोर कलावंत. त्यांच्या संस्थेने निजामाचे महाल, सरदार आणि शिकारीचे प्रसंग टिपले, त्याचप्रमाणे विसाव्या शतकाच्या आरंभी औरंगाबाद जिल्ह्यातील दुष्काळी मदतकार्याची छायाचित्रेही घेतली. मराठवाड्यातील गरिबांना कॅमेऱ्याने पाहिले ते प्रामुख्याने असे, मदत घेणाऱ्यांच्या रांगांत. हा दोष कलावंताच्या नजरेचा म्हणता येणार नाही. ज्याला फोटो काढवून घेता येतो, त्याचे नाव राहते. ज्याचा फोटो दुसऱ्याच्या कामासाठी काढला जातो, त्याची केवळ अवस्था राहते.

कोटाचा अर्थ आणि कोटाचा रंग

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांची छायाचित्रे पाहावीत. कोट, टाय, चष्मा, खिशाला पेन, हाती ग्रंथ. परक्या मनुष्याला यात एक सुशिक्षित बॅरिस्टर दिसेल, आणि तेही खरेच आहे. परंतु अर्थ तेथे संपत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे विधान आहे. अस्पृश्याने काय नेसावे, कोणता दागिना घालू नये, हे ठरविण्याचा अधिकार शतकानुशतके गावाकडे होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांना नेसण्याची जुनी, जात दाखविणारी पद्धत टाकून देण्याचा उपदेश केला. वस्त्र हा तेव्हा हौसेचा विषय नव्हता; तो हक्काचा विषय होता. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या कोटाचा अर्थ कळतो.

१९३१ साली लंडन येथे भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. एकाच सभागृहात गांधीजी पंचा आणि शाल अशा वेषात, तर बाबासाहेब पूर्ण पाश्चात्त्य पोशाखात. ज्याच्याकडे सोडण्यासारखे होते त्याने वस्त्र सोडले. ज्यांच्याकडून वस्त्र हिरावले गेले होते त्यांच्या प्रतिनिधीने ते अंगावर घेतले. दोन्ही कृतींना अर्थ आहे. मात्र चौकटीबाहेरचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय तो हाती लागत नाही.

आता त्या कोटाच्या रंगाचा विचार करू. पुतळ्यांत आणि दिनदर्शिकांवर बाबासाहेबांचा कोट निळा असतो. आपल्या परिचयाची त्यांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत, आणि कृष्णधवल छायाचित्रात निळा रंग नसतो. केवळ फिकट-गडद छटा असते. निळा रंग नंतर चित्रकारांनी व मुद्रकांनी दिला, आणि समाजाने तो स्वीकारला. कारण १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या ध्वजापासून निळा हा आपल्या चळवळीचा रंग झाला होता. त्या रंगाला खोटे म्हणता येणार नाही. तो समाजाने दिलेला अर्थ आहे. फक्त एवढे ध्यानात असावे की कोटाचा आकार छायाचित्राने सांगितला आणि रंग आपण सांगितला. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी ओंजळीने पाणी पिणारे बाबासाहेब आपण घरोघर पाहतो, ते चित्रकारांनी कल्पनेने रेखाटलेले आहेत. श्रद्धेसाठी चित्र पुरते. इतिहास सांगताना मात्र चित्र कोणते आणि छायाचित्र कोणते, हा भेद मुलांना सांगितलाच पाहिजे.

अशोक विजयादशमीची छायाचित्रे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून त्रिसरण-पंचशील ग्रहण केले आणि त्यानंतर लाखो अनुयायांना स्वतः धम्मदीक्षा दिली. पांढऱ्या वस्त्रांतील बाबासाहेब आणि माईसाहेब, समोर बुद्धमूर्ती, आणि मैदानभर पसरलेला जनसमुदाय, ही त्या दिवसाची छायाचित्रे आपल्या इतिहासाचा अमोल ठेवा आहेत.

त्या दिवशी हिंगोलीचा परिसर हैदराबाद राज्यात होता आणि नागपूर मध्य प्रदेश राज्यात. दोन्ही प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे अवघ्या अठरा दिवसांनी. आपल्या भागातून जी माणसे नागपूरला गेली, ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली. जनसमुदायाच्या छायाचित्रात ती कोठेतरी आहेत. एक डोके, एक पांढरा ठिपका, एवढीच, पण आहेत. वृत्तपत्रांना आणि ग्रंथांना तो जनसमुदाय 'लाखो' या एका शब्दात सांगावा लागला, आणि ते योग्यच होते. गावाला मात्र तसे करून भागणार नाही. त्या लाखोंपैकी आपल्या गावचे कोण होते, कोणाची बैलगाडी होती, कोणी घरचे काय विकून तिकीट काढले, हे गावाने सांगितले नाही तर दुसरे कोणीही सांगू शकणार नाही. ते अनुभव सांगणारी पिढी आता अगदी थोडी उरली आहे.

मोठ्या छायाचित्रांच्या बाबतीतही खालची ओळ निष्काळजीपणे लिहिली जाते. बाबासाहेब राजेंद्रप्रसादांच्या हाती संविधानाचा मसुदा देत आहेत, या सर्वपरिचित छायाचित्राखाली कोठे २५ नोव्हेंबर १९४९, तर कोठे २६ नोव्हेंबर १९४९ असे छापलेले आढळते. पहिली तारीख संविधान सभेतील बाबासाहेबांच्या समारोपाच्या भाषणाची आणि दुसरी संविधान स्वीकृत झाल्याची. दोन्ही दिवस थोर आहेत. परंतु एक छायाचित्र दोन दिवशी निघत नाही.

अजिंठ्याचे एक चुकलेले नाव

चुकीची ओळ किती काळ जगते याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एक राजसभेचे भित्तिचित्र आहे. सिंहासनावर राजा बसला आहे आणि उंच टोप्या घातलेले परदेशी लोक नजराणे घेऊन आले आहेत. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ साली असा तर्क मांडला की, हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी असून इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याचे वकील त्याच्या दरबारी आले आहेत. तर्क आकर्षक होता. तेव्हापासून या चित्राला 'इराणी वकिलात' हे नाव चिकटले, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते ग्रंथांतून वाचले गेले.

पुढील संशोधनाने हे नाव टिकले नाही. पुलकेशी सातव्या शतकातील. आणि पहिले लेणे वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळचे, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. जर्मन पंडित डीटर श्लिंगलॉफ यांनी हे चित्र महासुदस्सन राजाच्या कथेचे असल्याचे दाखविले. हा राजा म्हणजे पूर्वजन्मीचे बोधिसत्त्व. पालि त्रिपिटकात दीघनिकायातील महासुदस्सन सुत्तात त्याची कथा आहे. भिंतीवरील रंगाचा एक कणही बदलला नव्हता. नाव बदलले, आणि राजदरबाराची बखर म्हणून पाहिलेले चित्र पुन्हा धम्मकथा झाले. बुद्धाच्या लेण्यात बुद्धाची कथा असेल, ही सर्वांत साधी शक्यता चुकीच्या नावामुळे दीर्घकाळ झाकली गेली होती.

भरहुतच्या शिल्पींचा धडा

याच्या उलट उदाहरण भरहुतचे. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यातील हा प्राचीन स्तूप अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ साली आढळला. त्याचे कठडे आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहेत. इसवी सनापूर्वीच्या या शिल्पांत बुद्धांची मानवी प्रतिमा नाही. बोधिवृक्ष, आसन, धम्मचक्र यांनीच त्यांचे अस्तित्व सुचविले आहे. अशा शिल्पांचा अर्थ लावणे किती कठीण झाले असते! परंतु भरहुतच्या शिल्पींनी अनेक प्रसंगांजवळ ब्राह्मी लिपीत प्रसंगाचे नाव कोरून ठेवले आहे. अनाथपिंडिकाने जमिनीवर नाणी अंथरून जेतवन विकत घेतल्याचा प्रसंग तेथे आहे. बैलगाडीतून आणलेली नाणी सेवक जमिनीवर मांडीत आहेत, आणि हा प्रसंग कोणता ते शेजारीच लिहिले आहे. त्यामुळे दोन हजार वर्षांनंतर कनिंगहॅम यांना तर्क करावा लागला नाही, वाचावे लागले.

एवढेच नव्हे, तर ज्यांनी स्तंभ आणि सूची दान केल्या त्या भिक्खू, भिक्खुणी, उपासक व उपासिका यांचीही नावे गावांसह तेथे कोरलेली आहेत. त्यांतील बहुतेकांविषयी इतिहासाला दुसरे काहीही ठाऊक नाही. तरीही ती 'नुसती माणसे' राहिलेली नाहीत. प्रतिमेशेजारी नाव लिहिणे ही आपल्या परंपरेतील सर्वांत जुन्या सवयींपैकी एक आहे, आणि ती आपण विसरलो आहोत.

विहारांनी काय करावे

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वर्षावासात ग्रंथवाचनासाठी लोक विहारात जमतातच. त्यांतील एक दिवस जुन्या फोटोंसाठी ठेवावा. प्रत्येकाने घरचा फोटो आणावा, वृद्धांना मध्ये बसवावे आणि एका वहीत नोंद करावी. कोणता प्रसंग, कोणते गाव, कोणते वर्ष. मग डावीकडून उजवीकडे, ओळीने नावे. स्त्रियांची नावे 'अमक्याची पत्नी' अशी न लिहिता त्यांची स्वतःची लिहावीत. माहिती कोणी दिली आणि कोणत्या दिवशी दिली, हेही नोंदवावे. ज्याची ओळख पटली नाही, तेथे 'ओळख पटली नाही' असेच लिहावे. अंदाजाने नाव घालू नये. अजिंठ्याच्या चित्राला अंदाजाने दिलेले नाव पुसण्यास किती काळ लागला, ते आपण पाहिलेच आहे.

फोटोच्या मागे लिहावयाचे झाल्यास मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो आणि काही शाया कालांतराने पुढे पाझरतात. जुना फोटो लॅमिनेट करू नये. उष्णतेने तो बिघडतो आणि ते आवरण पुढे सुटत नाही. ओलसर भिंत, थेट ऊन, उदबत्तीचा धूर आणि ओल्या फुलांचे हार यांपासून मूळ प्रत दूर ठेवावी. पूजेसाठी नक्कल चौकटीत लावावी. मोबाईलवर फोटोचा फोटो घेताना मागची बाजूही टिपावी.

तरुणांसाठी एक सूचना. आज मोबाईलवर रोज छायाचित्रे येतात आणि त्यांच्याखाली कोणीतरी लिहिलेली ओळ असते. न घडलेल्या प्रसंगाचे हुबेहूब छायाचित्रासारखे चित्र संगणक आता क्षणात तयार करतो. बाबासाहेबांचीही अशी चित्रे फिरतात. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी केवळ ऐकीव म्हणून अथवा परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, असे सांगितले होते. पुढे पाठविण्यापूर्वी सराफाचे प्रश्न विचारावेत: हे कोठले, केव्हाचे, कोणी घडविले, मूळ कोठे आहे? उत्तर मिळाले नाही तर ते आपल्यापाशीच थांबवावे. सम्यक वाचेत हेही येते, असे आम्हांस वाटते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील विहारांनी येत्या वर्षावासात अशी एकेक वही सुरू केली, तर जिल्ह्याच्या बौद्ध समाजाचा इतिहास त्याच्याच हस्ताक्षरात उभा राहील.

वसमत तालुक्यातील त्या फोटोपुरते सांगावयाचे तर, आजीबाईंनी दिलेली पाच नावे आम्ही त्याच दिवशी मागे लिहिली. नातवाने तो फोटो शेजारच्या दोन गावांतील वृद्धांना दाखविला आणि आणखी तीन नावे मिळाली. त्यांतील एक नाव दोन स्त्रियांपैकी एकीचे आहे. पाच जणांपुढे अद्याप 'ओळख पटली नाही' असे लिहिलेले आहे.